शेतातून चालत गेलं तर कोणी हाकलेल का?

पत्र थोडक्यात: वाचक ताई ६१ वर्षांच्या, बँकेतून रिटायर झालेल्या, नाशिककडच्या. मुलगा-सून इंग्लंडमधे रेडिंगला राहतात, नात नर्सरीत जाते. एप्रिलच्या शेवटी तीन महिन्यांसाठी दुसऱ्यांदा तिकडे निघाल्यात. मागच्या खेपेला आठवडाभर घरात आणि शनिवार-रविवार गाडीत असं झालं. कॉट्सवोल्डच्या गावांत पार्किंग शोधणं, फोटो, चहा, परत गाडीत. लेक डिस्ट्रिक्ट, म्हणजे पार उत्तरेकडचा डोंगर-तळ्यांचा भाग, तर एका दिवसात जाऊन येऊन. किचनच्या खिडकीतून सोसायटीमागच्या कुंपणाशी बाण लावलेला एक लाकडी खांब दिसायचा, तिथून रोज लोक कुत्री घेऊन आत शेतात जायचे. मुलगा म्हणाला, "आई, इकडे सगळं प्रायव्हेट असतं, एकटी जाऊ नकोस, शनिवारी मी नेतो." ताईंनी एकेकाळी श्रावणात ब्रह्मगिरीची फेरी केलेली आहे. त्या विचारतात, "या वेळी एकटीने चालायला जाऊ का, का हा हट्ट सोडून देऊ? मुलाला दुखवायचं नाही. आणि साडीतली बाई कोणाच्या शेतात शिरलेली दिसली तर लोक काय म्हणतील? मिस्टरांचे गुडघे दुखतात, ते येणार नाहीत."

उत्तर:

ताई, तुमच्या पत्रातली त्या खांबाची ओळ मी परत जाऊन वाचली. कारण तुम्हाला जे हवंय ते सगळं त्या खांबापाशीच सुरू होतंय, आणि तुम्ही दोघंही, म्हणजे तुम्ही आणि तुमचा मुलगा, ते कुठेतरी पाच तास गाडी चालवून गेल्यावर मिळतं असं धरून बसला आहात.

आधी त्या "प्रायव्हेट"चं बघू. मुलगा अर्धं बरोबर बोलतोय. शेत खाजगीच आहे, कोणीतरी मालक आहे, तिथे गहू नाहीतर मेंढ्या त्याच्याच आहेत. पण त्यातून जाणारी वाट लोकांची आहे. आपल्याकडे गावात वहिवाटीच्या रस्त्यावरून तहसीलदाराकडे दावे चालतात ना, बांधावरून वर्षानुवर्षं जाणं-येणं आहे, आता नव्या मालकाने काटे टाकले वगैरे, तसाच हा हक्क. फरक एवढाच की तिकडे १९४९ च्या कायद्याने कौन्सिलना (म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेसारख्या संस्थांना) सांगितलं की तुमच्या हद्दीतल्या असल्या सगळ्या वाटा नकाशावर चढवा, आणि एकदा त्या अधिकृत नकाशावर वाट आली की शेत विकलं गेलं, मालक बदलला तरी ती वाट राहते. इंग्लंड आणि वेल्स मिळून अशा वाटा सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर आहेत. त्यावर चालायला परवानगी लागत नाही, तिकीट नाही, नागरिक असावं लागत नाही. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आजीचा हक्क आणि तिथल्या जमीनदाराचा हक्क त्या वाटेपुरता सारखाच.

आणि हा हक्क काही कोणी सहज हातात ठेवला नाही, बरं का. मँचेस्टर-शेफील्डच्या गिरण्या-कारखान्यांतली माणसं सुट्टीच्या दिवशी डोंगरावर जायला बघायची आणि डोंगर सगळे जमीनदारांच्या शिकारीसाठी राखलेले. २४ एप्रिल १९३२ ला काहीशे लोक किंडर स्काउट नावाच्या डोंगरावर मुद्दाम घुसले, रखवालदारांशी झटापट झाली, पाच जणांना तुरुंगात टाकलं. पुढे १९५१ मधे तो डोंगर ज्यात येतो तो पीक डिस्ट्रिक्ट देशातलं पहिलं नॅशनल पार्क झाला, आणि २००० सालच्या कायद्याने नकाशावर नोंदलेल्या डोंगर, माळरान, हीथ (खुरट्या झुडपांचे माळ) अशा मोकळ्या जमिनीवर वाट सोडूनही फिरायची मुभा मिळाली. त्यामुळे "लोक काय म्हणतील"चं उत्तर असं की त्या वाटेवर लोक बहुतेक "मॉर्निंग!" म्हणतील. गंमत आहे, रेडिंगच्या बाजारात तुमच्याकडे न बघता जाणारा माणूस शेतातल्या वाटेवर थांबून हवेबद्दल दोन वाक्यं बोलतो. एखादा रोखून बघेलही, नाही असं मी सांगणार नाही, पण हाकलायचा अधिकार त्याला नाही. कोणी विचारलंच तर "आय ॲम ऑन द पब्लिक फूटपाथ" एवढं वाक्य पुरतं, आणि वाट चुकली असेल तर "सॉरी, व्हेअर इज द फूटपाथ?", लोक हात करून दाखवतात.

आता त्या खांबावर काय आहे ते नीट बघा. रस्त्याकडेच्या पाटीवर "पब्लिक फूटपाथ" लिहिलेलं असेल, नाहीतर खांबावर हाताच्या तळव्याएवढी गोल चकती आणि त्यावर बाण. बाण पिवळा असेल तर ती फक्त चालणाऱ्यांची वाट. निळा म्हणजे ब्रायडलवे, तिथे घोडे आणि सायकलीही येतात, तुम्ही चालू शकताच. जांभळा किंवा लाल दिसला तरी चालायला हरकत नाही, फक्त तिथे वाहनं-बग्ग्यांचाही हक्क असू शकतो. बाणाची दिशा महत्त्वाची, तो जिकडे रोखलाय तिकडे शेताच्या पलीकडच्या कुंपणात नजर टाका, कुठेतरी फट, फाटक किंवा दुसरा खांब दिसतो, तिकडे सरळ चालायचं. कधी वाट गव्हाच्या मधोमध जाते, एक माणूस जाईल एवढी चिरलेली. आपल्याला उभ्या पिकातून चालायला जीव होत नाही, मला माहितीये, पण वाट तीच असेल तर पिकातूनच जायचं, कडेकडेने फिरून जाणं हेच उलट चुकीचं. नांगरलेल्या शेतातली वाट ठरावीक दिवसांत परत मोकळी करून देणं हे शेतकऱ्यावर बंधनकारक आहे.

मधे मधे कुंपण ओलांडायला लाकडी पायऱ्या येतात, त्याला स्टाइल म्हणतात. साडीबद्दल मी भिडस्तपणा न करता सांगते, ती नको, पण लोकांमुळे नाही, या स्टाइलमुळे. दोन फळ्या असतात, एकीवर पाय, खांबाला हात, मग दुसरा पाय कुंपणाच्या वरून पलीकडे टाकायचा, त्यात निऱ्या अडकल्या की पंचाईत, आणि फळी पावसाने बुळबुळीत झालेली असते. पलीकडे उतरताना तोंड कुंपणाकडे करून उतरा. सलवार किंवा पॅंट, पायघोळ आणि जाड कापडाची, कारण मे-जूनमधे वाटेकडेला नेटल नावाचं झुडूप माजतं, त्याचा नुसता स्पर्श झाला तरी तासभर आग होते. उंच गवतात गोचीड असते आणि तिच्यातून लाइम नावाचा आजार होऊ शकतो, म्हणून घरी आल्यावर गुडघ्यामागे, कमरेपाशी बघून घ्यायचं, चिकटलेली दिसली तर चिमट्याने मुळाशी धरून सरळ ओढायची. चावल्या जागी पुढच्या काही आठवड्यांत लाल वर्तुळ पसरलं तर डॉक्टर.

मुलाची भीती अगदीच वेडगळ नाही हे पण लिहायला हवं. गाईंचं तो जे म्हणत असेल ते ऐका. आपल्याला गाय म्हणजे गरीब, हात जोडून पुढे जायचं, पण तिकडच्या गाई वासरं घेऊन मोकळ्या कुरणात असतात आणि वासराच्या मधे कोणी आलं की त्या धावून येतात, माणसं दगावल्याच्या घटना खरोखर होतात, बहुतेक वेळा सोबत कुत्रा असताना. तुमच्याकडे कुत्रा नाही ही जमेची बाजू. गाई-वासरं दिसली तर लांबून वळसा घाला, त्यासाठी वाट थोडी सोडली तरी चालतं, पळायचं नाही, हाताने हाकायला जायचं नाही आणि कुरवाळायला तर मुळीच नाही. सगळा कळप फाटकाशीच उभा असेल तर परत फिरा, त्यात कमीपणा नाही. आणि फाटक जसं होतं तसं ठेवायचं, उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद.

हरवायची भीती नकाशाने जाते. मुलाकडून सहल मागू नका, नकाशा मागा. ऑर्डनन्स सर्व्हे या तिथल्या सरकारी नकाशा संस्थेचे एक्सप्लोरर नावाचे नारिंगी कव्हरचे नकाशे मिळतात, १:२५,००० चे, म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर कागदावर चार सेंटिमीटर. त्यावर चौकोन आखलेलेच असतात, एक चौकोन एक किलोमीटर, बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला हे काही अवघड नाही. हिरव्या तुटक रेघा म्हणजे हक्काच्या वाटा, आखूड तुकड्यांची रेघ फूटपाथ, लांब तुकड्यांची ब्रायडलवे. प्रत्येक शेताची हद्दसुद्धा काळ्या बारीक रेघेने दाखवलेली असते, त्यामुळे आपण कुंपणाच्या डाव्या अंगाला आहोत का उजव्या तेही कळतं. तुमच्या भागाला १५९ आणि १७१ नंबरचे नकाशे लागतील. कागदी नकाशासोबत मोबाइलवर तोच उतरवून घ्यायचा कोड येतो, तो मुलाला टाकून द्यायला सांगा. गूगल मॅपच्या भरवशावर शेतात जाऊ नका, ते मोटारीच्या रस्त्यांसाठी बरं, शेतातल्या अर्ध्या वाटा त्यात नसतातच आणि दरीत रेंज जाते.

एवढं सगळं सांगून झाल्यावर, आता मुलाकडे वळू या, कारण मला वाटतं पत्र खरं त्याच्याबद्दल आहे. तुम्हाला वाटतंय की तो तुम्हाला "अडवतो". अडवतो का त्यालाच माहीत नाही? तिथे इतकी वर्षं राहून ऑफिस, नर्सरी, टेस्कोचं दुकान यापलीकडे घरामागच्या त्या फाटकातून एकदाही आत न गेलेली आपली कितीतरी मुलं मी बघते. आई आली की तिला "दाखवायचं" असतं, म्हणून शनिवारी पहाटे उठून तो बिचारा मोटारवेवर गाडी हाणतो, रेडिंगहून लेक डिस्ट्रिक्ट एका दिवसात म्हणजे शुद्ध छळ आहे, आणि तो छळ तो तुमच्यासाठी करतो. तुम्ही तो त्याच्यासाठी सहन करता. दोघांपैकी कोणीतरी बोलायला हवं ना! आणि ते "मला एकटीला जाऊ दे" असं बोलू नका, त्यात त्याला आपलं काहीतरी कमी पडलं असं ऐकू येईल. पहिल्याच शनिवारी म्हणा की आज गाडी नको, त्या खांबापासून आत जाऊ, नातीला पण घेऊ, तासाभरात परत. तीन-चार किलोमीटरचं एखादं वर्तुळ नकाशावर तुम्हीच आखा. त्याने तुम्हाला नकाशा वाचताना, फाटक लावताना, स्टाइल ओलांडताना एकदा डोळ्याने बघितलं की अर्धी काळजी तिथेच जाईल. मग सोमवारी तुम्ही एकट्या तेच वर्तुळ करा. तेच. नवीन नको. तीच वाट आठवड्यात परत परत केली तर मे महिन्यात ती रोज बदलते, हॉथॉर्नच्या काटेरी झुडपांना पांढरा फुलोरा येतो, गवत गुडघ्याचं कमरेला येतं, कुठल्या घराचा कुत्रा भुंकतो ते कळतं. परदेशात आपली म्हणावी अशी एखादी जागा त्यातूनच होते, असं माझं मत.

त्याच्याशी नियम ठरवून घ्या आणि ते पाळा: निघताना नकाशावरच्या वाटेचा फोटो, परत यायची वेळ, तिथलं सिम, पॉवर बँक. काही झालं तर ९९९ किंवा ११२. इंग्लंडला निघण्याआधी ट्रॅव्हल इन्शुरन्समधे पाय मोडण्यासारख्या गोष्टी आणि तुमचे जुने आजार धरलेत ना ते बघा, कारण इमर्जन्सी विभागात उपचार फुकट असले तरी ॲडमिट झालात की व्हिजिटरला बिल येतं. उजेडाची चिंता तुमच्या महिन्यांत नाही, मे-जूनमधे रात्री नऊपर्यंत दिसतं. डिसेंबरात जाणाऱ्यांनी मात्र हे वाचताना सावध व्हावं, चारला अंधार पडतो. वेळेचा जुना हिशोब ताशी पाच किलोमीटर आणि दर ६०० मीटर चढाला एक तास जास्त असा आहे, पण तो दणादण चालणाऱ्यांचा, तुम्ही ताशी तीनचा धरा, स्टाइल आणि चिखल त्यातच आले.

एकटीने नकोच वाटलं तर रॅम्बलर्स ही चालणाऱ्यांची १९३५ पासूनची संस्था आहे, गावोगाव त्यांचे गट आहेत, मेंबर होण्याआधी येऊन बघता येतं. त्यांचेच वेलबीइंग वॉक्स म्हणून छोटे, फुकट वॉक असतात, जास्तीत जास्त दीड तासाचे, आणि आठवड्यातल्या दिवशी सकाळी बहुतेक रिटायर मंडळीच येतात. इंग्रजीचं टेन्शन घेऊ नका, शेजारी चालणाऱ्या माणसाशी बोलायला समोरासमोर बसून बोलण्यापेक्षा निम्मं इंग्रजी लागतं, गप्प राहिलं तरी कोणाला खटकत नाही.

मग जरा पुढे जायचं झालं तर गाडी लागत नाही. रेडिंगहून लोकल ट्रेनने पँगबोर्नला उतरा आणि थेम्स पाथ ही नदीकाठची वाट धरून गोरिंगपर्यंत चाला, साडेसहा किलोमीटरच्या आसपास. आधी व्हिटचर्चचा पूल येतो, तिथे मोटारींना टोल आहे, चालणाऱ्यांना नाही (हे वाचून मला दर वेळी बरं वाटतं). मग झाडीतून थोडा चढ-उतार, खाली नदी, ब्रुनेल या इंजिनियरने १८४० च्या सुमाराला बांधलेला विटांचा रेल्वे पूल, आणि शेवटी गोरिंग. तिथून ट्रेनने परत. साठ पूर्ण झालेल्यांना सीनियर रेलकार्डवर तिकिटात एक तृतीयांश सूट मिळते, त्याला तिथलं रहिवासी असावं लागत नाही, स्टेशनच्या खिडकीवर पासपोर्ट दाखवून काढा. आठवड्यातल्या दिवशी सकाळच्या गर्दीच्या गाड्यांना ते तिकडे चालत नाही, पण तुम्ही नातीला नर्सरीत सोडूनच निघणार ना. बसचा फुकट पास मात्र रहिवाशांनाच. खेड्यातल्या बस रविवारी फार कमी असतात, काही गावांत नसतातच, म्हणून परतीची वेळ आधी बघा.

डबा न्या. दशम्या, चटणी, काहीही, आणि गावातल्या चर्चच्या आवारातल्या बाकावर बसून खा, चर्च दिवसा बहुधा उघडी असतात, आत शांत आणि थंड. टॉयलेटचं काय हा प्रश्न कोणी पत्रात लिहीत नाही पण प्रत्येक बाईच्या मनात असतो. उत्तर पब. पबमधे एकटी बाई गेली तर कोणी वळून बघत नाही, दारू घ्यायची सक्ती नाही, काउंटरवर जाऊन चहा नाहीतर लिंबू-सोडा मागायचा, पैसे तिथेच द्यायचे आणि निवांत टॉयलेटला जाऊन यायचं. चिखलाचे बूट असले तर दाराशी पुसा.

आणि मुलाच्या शनिवारच्या गाडीचा चांगला उपयोग सांगू? स्टोक रो. चिल्टर्न डोंगरातलं छोटं गाव, रेडिंगहून अर्ध्या तासाच्या आसपास. तिथे रस्त्याकडेला घुमटाखाली एक विहीर आहे आणि यंत्रावर सोनेरी हत्ती. काशीच्या महाराजांनी, ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांनी, १८६४ मधे ती गावाला बांधून दिली. हा डोंगर सगळा खडूच्या दगडाचा, पाऊस पडला की पाणी आत मुरतं आणि वर तळी-डबकी सोडून तेव्हा प्यायला काही नव्हतं. एडवर्ड रीड नावाचा त्याच भागातला अधिकारी हिंदुस्थानात नोकरीला होता, त्याने महाराजांना आपल्याकडच्या पाण्याच्या हालाची गोष्ट सांगितली होती, घरातलं शेवटचं पाणी प्यायला म्हणून पोराने मार खाल्ल्याची, ती त्यांच्या लक्षात राहिली. माणसांनी हाताने खणलेली ३६८ फूट खोल विहीर, कुतुबमिनार आत उभा केला तर वर सव्वाशे फूट जागा उरेल. गाडी तिथे लावा आणि आजूबाजूच्या बीच नावाच्या झाडांच्या जंगलात चाला. तुम्ही एप्रिलच्या शेवटी पोचताय, मेच्या मध्यापर्यंत त्या झाडांखाली ब्लूबेलची निळी फुलं फुललेली असतात, म्हणून हे सगळ्यात आधी करा, लेक डिस्ट्रिक्ट कुठे पळत नाही. वर बघितलंत तर दुभंगलेल्या शेपटीच्या तांबूस घारी दिसतील, इंग्लंडमधून नाहीशा झाल्या होत्या, १९९० च्या आसपास स्पेनहून पिल्लं आणून परत सोडल्या, आता त्या भागात कावळ्यांइतक्या सर्रास दिसतात.

ज्यांची मुलं दुसरीकडे आहेत त्यांनाही हेच. लीड्सवाल्यांनी ट्रेनने इल्क्ली गाठावं, मूर, म्हणजे उंचावरचं माळरान, गावाच्या डोक्यावरच आहे. मँचेस्टर-शेफील्डवाल्यांना ईडेल, स्टेशनवरून उतरून थेट वाटेला लागता येतं, आणि वर सांगितलं ते किंडर तिथलंच. लंडनवाल्यांना बॉक्स हिल. स्कॉटलंडचा कायदा वेगळा आणि जास्त मोकळा आहे, त्याबद्दल परत कधी.

मिस्टरांच्या गुडघ्यांचं म्हणाल तर त्यांना घरी ठेवून जायची गरज नाही. तुम्ही पँगबोर्नला उतरा, ते पुढच्याच स्टेशनला, गोरिंगला उतरतील. स्टेशनपासून नदीपर्यंत गावातून सपाट-उताराचा रस्ता, तिथे थेम्सवर लॉक आहे, बोटी आत घेऊन फाटक लावतात आणि पाणी चढवून-उतरवून पलीकडे सोडतात, बघत बसलं तर दोन तास कुठे जातात कळत नाही. डबा त्यांच्याकडे द्या, म्हणजे तुमच्या पाठीवर ओझं नको. फक्त तुम्हाला यायला अर्धा तास उशीर झाला तर लगेच मुलाला फोन लावायचा नाही हे त्यांना निघतानाच सांगून ठेवा.